बामची बाटलीही औषधांच्या पिशवीत

(सामुदायिक रेडिओवर ‘आरोग्य आपल्या हाती’ या सदरात बचत गटांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कामं आटोपली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही जवळ बोलवा, कारण आजचा विषय त्यांचा आहे.

विषय आहे गुडघ्याला चोळायचं तेल, डोकेदुखीची गोळी आणि रक्तातलं मीठ. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. आम्ही काही डॉक्टर नाही, गटाच्या वह्या तपासणाऱ्या बाया आहोत. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटात जे घडलं, त्यानंतर आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो, विचारून घेतलं, समजून घेतलं. तेच आज सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढचं. ताई त्यांना आत्या म्हणतात, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आत्यांचे दोन्ही गुडघे धरलेले. सकाळ-संध्याकाळ गंधपुऱ्याचं तेल चोळायचं, वरून गरम फडकं घट्ट बांधायचं. पाठीलाही तेच. दुखणं वाढलं की किराणा दुकानातून पाण्यात विरघळणारी पांढरी गोळी आणायची. आधी दिवसाला एक घ्यायच्या, मग तीन-चार झाल्या. बीपीची गोळी सुरू होतीच. असे दोन महिने गेले.

मग आत्यांना कमी ऐकू यायला लागलं. कानात रातकिडे ओरडतात, म्हणायच्या. घरातले म्हणाले, वय झालं. मग मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं. कुणीतरी सांगितलं, उष्णता वाढली आहे, भरपूर पाणी पाजा. आत्या दिवसभर नुसतं पाणी आणि बिनदुधाचा चहा घेत राहिल्या. आणि एका सकाळी त्यांनी सुनेला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. कुठे आहोत ते कळेना, दम लागल्यासारखा श्वास जोरात चाललेला. शेजारची म्हणाली, वारं गेलं. दुसरी म्हणाली, बाहेरचं आहे, उतारा टाका. ताईंनी कुणाचं ऐकलं नाही, गाडी केली आणि दवाखाना गाठला.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? ताई म्हणाल्या, बीपीची गोळी, एवढंच. रक्त तपासलं तर सोडियम आलं 118. ते असायला हवं 135 ते 145 च्या दरम्यान. उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी आत्या जरा भानावर आल्या आणि पहिलं काय मागितलं, तर गुडघ्याला चोळायचं तेल! नर्सबाईंनी विचारलं, कसलं तेल? तिथून सगळं उलगडलं. तेल, किती वेळा, किती दिवस, वरून त्या गोळ्या. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी शहरातून करून आणली आणि उपचार त्याप्रमाणे बदलले. नवव्या दिवशी आत्या घरी आल्या. आज त्या ठीक आहेत.

पण ताई आम्हाला म्हणाल्या, “मी डॉक्टरांशी खोटं बोलले का हो?” नाही, ताई खोटं बोलल्या नाहीत. तेल हे औषध आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानातली गोळी तर आपण चहा-साखरेबरोबर आणतो, ती औषधात कोण धरतं? आज आम्ही बोलतोय ते याच गोष्टीवर.

आता हे तेल आणि ती गोळी यांचं नातं समजून घेऊ. नदीकाठी वाळुंजाचं झाड पाहिलंय ना? त्याच कुळातल्या झाडाची साल युरोपात जुन्या काळापासून तापावर आणि दुखण्यावर वापरत. 1763 साली इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्यानं ही साल वाळवून, कुटून तापाच्या रुग्णांना दिली आणि तिचा गुण लिहून कळवला. पुढे त्या सालीपासून जे आम्ल मिळालं त्याला नाव पडलं सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे वाळुंज कुळातलं आम्ल. त्यात थोडा बदल करून जर्मनीत 1897 साली अ‍ॅस्पिरिन तयार झाली आणि 1899 मध्ये बाजारात आली. पोटात गेल्यावर अ‍ॅस्पिरिनचं पुन्हा सॅलिसिलिक आम्लच होतं.

याच घराण्यातलं तिसरं भावंड म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. गंधपुऱ्याच्या तेलात, ज्याला विंटरग्रीन तेल म्हणतात, जवळजवळ सगळं तेच असतं. तो जो थंडगार, नाकात जाणारा वास येतो ना, तो त्याचाच. दुखण्यावरच्या बऱ्याच बाममध्ये, मलमांत आणि फवाऱ्यांत ते असतं. आणि खुद्द सॅलिसिलिक आम्ल कुठे असतं? गजकर्णाच्या मलमात, पायाच्या कुरूपावर लावायच्या औषधात, टाचांच्या भेगांच्या काही मलमांत, पिंपल्सच्या फेसवॉशमध्ये. म्हणजे एकाच घरात सासूच्या गुडघ्याला, नवऱ्याच्या गजकर्णाला आणि मुलीच्या तोंडाला वेगवेगळ्या नावांनी एकच घराणं लागलेलं असतं.

घाबरू नका. टाचेला बोटभर मलम लावलं म्हणून काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात ही औषधं चांगली आहेत. पण कातडी म्हणजे काही पत्रा नव्हे, तिच्यातून औषध आत जातं. जागा मोठी असेल, रोज अनेकदा लावलं, वरून गरम फडकं बांधलं, कातडी फुटलेली असेल, तर जास्त जातं. आणि म्हातारपणी ते बाहेर पडायला वेळ लागतो. गावातली पिठाची गिरणी एका दिवसात ठरावीकच पोती दळते ना? त्यापेक्षा जास्त आली की पोती ओट्यावर साचत जातात. या औषधाचं शरीरात तसंच होतं. मर्यादा ओलांडली की थोडंसं जास्त घेतलं तरी साठा भराभर वाढतो. कानात आवाज येणं ही त्याची पहिली हाक. मग मळमळ, उलटी, भराभर श्वास, घाम, आणि शेवटी भ्रम.

आता मिठाचा भाग. आपल्या रक्तात मीठ असतं, त्यातल्या सोडियमचं प्रमाण शरीर फार काटेकोर सांभाळतं. आमटी अळणी दोन प्रकारे होते. एक, मीठच कमी पडलं. दुसरं, मीठ बरोबर होतं, पण पाहुणे आले म्हणून वरून दोन तांबे पाणी ओतलं. आत्यांच्या रक्ताचं दुसऱ्या प्रकारचं झालं होतं. मीठ संपलं नव्हतं, पाणी वाढलं होतं.

पाणी वाढलं तर लघवीवाटे जायला हवं. ते का गेलं नाही? इथे येतो आपल्या शरीरातला पाटकरी. कालव्यावरचा पाटकरी काय करतो? शेताला गरज असेल तसं दार उघडतो, बंद करतो. आपल्या मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. तिथून एक संप्रेरक रक्तात येतं, त्याला डॉक्टर ए.डी.एच. म्हणतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, पाणी जाऊ देऊ नको, अडव. तुम्ही उन्हात कापूस वेचताय, घाम गळतोय, तेव्हा हा हुकूम सुटतो, म्हणून लघवी थोडी आणि पिवळी होते. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यालात की हुकूम थांबतो, लघवी मोकळी होते. हे रोजचं आणि योग्य.

पण कधी कधी शेत तुडुंब भरलेलं असतानाही हुकूम सुटतच राहतो. शरीरात पाणी पुरेसं आहे, तरी मूत्रपिंड ते अडवतंच. यालाच डॉक्टर म्हणतात अवेळी, नको तेव्हा सुटणारं ए.डी.एच. मग प्यायलेलं साधं पाणी आत साचतं, रक्त पातळ होतं, सोडियम खाली येतं. आणि पाणी शिरतं मेंदूच्या पेशींमध्ये. हरभरे भिजवून डबा गच्च बंद केला तर काय होईल? हरभरे फुगतात, डब्याला जागा नसते. मेंदू फुगला तर कवटी काही ताणत नाही. म्हणून आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग बरळणं, गुंगी, आणि फारच कमी झालं तर झटके आणि बेशुद्धी.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला 1957 साली अमेरिकेत. श्वार्ट्झ आणि बार्टर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांविषयी लिहिलं. त्यांच्या रक्तात सोडियम कमी होतं, तरीही लघवीतून मीठ जातच होतं आणि पाणी मात्र अडत होतं. पुढे कळलं की फुप्फुसाचे आजार, मेंदूचे आजार आणि कितीतरी औषधंही हे घडवू शकतात. झटक्यांवरच्या काही गोळ्या, उदासीपणावरच्या काही गोळ्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या त्या यादीत आहेत.

दुखण्यावरची गोळी पाटकऱ्याच्या कामात कशी ढवळाढवळ करते? 1971 साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. या शोधकामासाठी 1982 मध्ये त्यांना दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. ही द्रव्यं दुखणं आणि सूज वाढवतात, म्हणून ती कमी झाली की बरं वाटतं. पण तीच द्रव्यं मूत्रपिंडात ए.डी.एच.ला आवर घालतात. पाटकऱ्याचा हुकूम आला तरी मूत्रपिंडातली ही शहाणी माणसं म्हणतात, अरे, इतकं नको अडवू. गोळीनं त्यांना गप्प केलं की हुकूम पूर्ण जोरात चालतो. म्हणून ए.डी.एच. तेवढंच असलं तरी पाणी जास्त अडतं.

शिवाय सॅलिसिलेटची विषबाधा झालेल्या काही रुग्णांमध्ये डॉक्टरांना असं आढळलं की लघवी कमी होतेय, अंगात पाणी साचतंय, सोडियम उतरतंय, अगदी त्या अवेळी ए.डी.एच.च्या आजारासारखं. तशा नोंदी त्यांनी लिहून ठेवल्या. सॅलिसिलेट आणि हा आजार यांचा दुवा जोडला गेला तो असा.

पण इथे आम्ही डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. म्हटलं, मग सगळा दोष तेलाचा का? ते म्हणाले, इतकं सोपं नाही. मळमळ आणि दुखणं यांनीही ए.डी.एच. वाढतं. आत्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. त्या प्रकारच्या गोळीनंही सोडियम उतरतं, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचं. खाणं बंद, म्हणजे मीठही पोटात जात नव्हतं. आणि वरून तांब्यावर तांबे साधं पाणी. एका गाडीला चार जणांनी एकाच बाजूला ढकललं, गाडी कलंडली. त्यात कुणाचा धक्का किती, हे सांगणं अवघड. पण चारांपैकी एक जण डॉक्टरांना तीन दिवस दिसलाच नव्हता. उपचारात हीच अडचण होती.

कारण नाव कळलं की उपचार बदलतात. सॅलिसिलेटची बाधा झालेल्या बहुतेक माणसांच्या अंगातलं पाणी उलट्यांनी, घामानं, जोराच्या श्वासानं कमी झालेलं असतं. त्यांना सलाईन लागतं. काहींच्या अंगात मात्र पाणी साचतं, त्यांना जपून द्यावं लागतं. आणि सोडियम फार उतरलेलं असेल तर ते हळूहळूच वर आणावं लागतं. घाईनं वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून मैत्रिणींनो, “सोडियम कमी आहे का, मग पाजा मिठाचं पाणी” हे घरी करायचं नाही. रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही की पाणी द्यायचं की थांबवायचं. आणि गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ते फुप्फुसात जातं.

आमच्या बोलण्याचा उलटा अर्थ काढू नका. उन्हात राबताना पाणी प्यायचंच. जुलाब झाले तर ओ.आर.एस.चं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून, द्यायचंच. हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिली असेल तर ती हे भाषण ऐकून बंद करायची नाही. बीपीची गोळीही नाही. शंका असेल तर गोळी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना विचारा.

आता पाच गोष्टी. लिहिता येत असेल तर लिहून घ्या, नाहीतर लेकराला लिहायला सांगा.

पहिली. म्हातारं माणूस दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागलं, झोपाळलं, माणसं ओळखेना, तर ते वय नव्हे आणि बाहेरचंही नव्हे. उताऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, 108 ला फोन करा. “सोडियम तपासायचं का?” असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

दुसरी. दुखण्यावरची गोळी घेणाऱ्याच्या कानात आवाज येऊ लागला, मळमळू लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दुकानातून दुसऱ्या नावाची गोळी आणून वर भर घालू नका. नाव वेगळं असलं तरी आत तेच असू शकतं.

तिसरी. चोळायचं तेल किंवा बाम लावला की वरून गरम फडकं किंवा प्लास्टिक बांधू नका. फुटलेल्या कातडीला लावू नका. तान्ह्या बाळाला तर ते चोळूच नका, सर्दी झाली तरी नाही.

चौथी. गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. त्याच्या एका छोट्या चमच्यात जवळजवळ वीस अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांइतकं औषध असतं. लेकरानं घोटभर प्यालं तर जीव जाऊ शकतो. तसं झालं तर उलटी करवू नका, वाट बघत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात पळा.

पाचवी. लेकरांच्या तापाला अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. त्यानं मेंदूला आणि यकृताला इजा करणारा एक आजार क्वचित होतो. आणि डेंग्यूचा संशय असेल तर मोठ्यांनाही नाही, कारण रक्तस्राव वाढतो.

आणि आता गटासाठी काम. आम्ही आमच्या गटात हे केलं. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरून एक पिशवी आणायची. तिच्यात घरातली सगळी औषधं. नुसती डॉक्टरांनी दिलेली नाही. बाम, तेल, मलम, किराणा दुकानातली गोळी, वैदूकडची पुडी, कुरूपाचं औषध, मुलीचा फेसवॉश, सगळं. आशाताईंना बोलवायचं. एकेक वस्तू काढून त्यावरचं नाव वाचायचं. आमच्या पहिल्या बैठकीत अठरा बायकांच्या पिशव्या उघडल्या. त्यांतल्या अकरा पिशव्यांत दुखण्यावरचं काही ना काही तरी दोन-दोन नावांनी होतं. एकीनं तर मुदत संपलेली बाटली काढली, लग्नात मिळालेली! खूप हसलो. पण घरी जाताना प्रत्येकीनं एक कागद नेला. त्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आणि ते घेत असलेल्या, लावत असलेल्या सगळ्या गोष्टी. तो कागद रेशनकार्डासोबत ठेवायचा. दवाखान्यात जाताना तो कागद आणि ती पिशवी, दोन्ही न्यायचं.

खर्च काही नाही. एक पिशवी, एक कागद आणि बैठकीतला अर्धा तास. कर्जाचे हप्ते वसूल करायला आपण यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

आत्या परवा बैठकीला आल्या होत्या. गुडघे अजून दुखतातच, पण आता डॉक्टरांच्या मापानं औषध घेतात आणि संध्याकाळी पाय सरळ करून व्यायाम करतात. पिशवी त्यांनी स्वतः उघडली. तेलाची बाटली वर धरून म्हणाल्या, “हीसुद्धा दवाखान्यात न्यायची बरं का, ही बोलत नाही म्हणून हिला विसरू नका.” शेजारी सून बसली होती. ती काही बोलली नाही, तिनं फक्त कागदावर बाटलीचं नाव लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली बाटली आज खाली काढा आणि तिच्यावरचं नाव वाचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.